आर्डिसचं मत

"हात खाली कर रे डुएन, आधी मासे तरी तळून होऊ देत," लव्हर्न काउंटरमागून म्हणाली.

जानेवारीतला शुक्रवार होता. बाहेर तळं गोठलेलं, आणि लव्हर्नच्या बारमध्ये माशांच्या घमघमाटात गाव दाटीवाटीने बसलेलं. आज मतदान होतं, नॉर्बच्या झेलाचं.

नॉर्बचा जन्म लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करण्यात गेला. पण तरुणपणी तो एक हंगाम मोठ्या अमेरिकी फुटबॉल संघात होता, हातांनी चेंडू झेलायच्या त्या खेळात, पगारी खेळाडू म्हणून. त्या हंगामात त्याच्याकडे चेंडू आला एकदाच. त्याने उडी मारून तो दोन्ही हातांत धरला, स्वतः धाडकन खाली पडला, आणि पडताना चेंडू गवताला घासून जरासा हलला. पंच म्हणाले, झेल नाही. सामना गेला, पाठोपाठ नॉर्बची नोकरीही गेली. त्याच्या नावावर एक झेलसुद्धा लागला नाही.

ते काही गावाच्या पचनी पडलं नाही. म्हणून दर जानेवारीत इथे हात वर करून निकाल लागायचा, आणि दर वर्षी 'झेल नव्हता' म्हणणारेच थोडक्यात जिंकायचे. कारण नॉर्बची बायको आर्डिस. ती सामन्याच्या दिवशी, मैदानात नॉर्ब पडला त्याच कोपऱ्यासमोर पहिल्या रांगेत बसली होती. "चेंडू हलला. नवरा झाला म्हणून काय खोटं बोलू?" म्हणत ती हात वर करायची, की निम्मा बार तिच्यामागे.

घरी जाताना नॉर्ब गाडीत कुरकुरायचा. "अगं, एकदा तरी हो म्हण."

"तू एकदा नीट धर, मी लगेच म्हणते."

आर्डिस गेल्या उन्हाळ्यात गेली.

त्यात मधल्या काळात खेळ चालवणाऱ्या वरच्या लोकांनी नियमही सैल केला होता. आता पडताना चेंडू थोडा हलला तरी चालतो, हातातून सुटला नाही म्हणजे झालं. आज आपलीच सरशी, हे नॉर्बला ठाऊक होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता बेटा. गावाच्या तोंडून एकदा 'झेल' ऐकायचं, ही त्याची आयुष्यभराची हौस.

लव्हर्नने झारा आपटला. "झेल होता म्हणणारे?"

नॉर्बने हात वर केला आणि वळून पाहिलं. बारमधला एकूण एक हात वर होता. दर वर्षी विरोधात घसा फोडणाऱ्या डुएनने तर दोन्ही वर केले होते. आर्डिसची जिवाभावाची मैत्रीण व्हर्ना, तिचाही हात वर, नजर मात्र ताटात. कुणी हसत नव्हतं, कुणी कुणाला टोमणा मारत नव्हतं. उन्हाळ्यात ही माणसं डबे घेऊन त्याच्या दारात उभी राहिली होती, तेव्हाही अशीच तोंडं होती सगळ्यांची.

"नव्हता म्हणणारे?" लव्हर्नने आपलं रीत म्हणून विचारलं.

नॉर्बने पुन्हा हात वर केला.

"अरे बाबा, हे विरोधातलं आहे."

"कळतंय मला. आधीचं माझं होतं. हे आर्डिसचं."

लव्हर्नने तळणीखालचा जाळ कमी केला.

"हललाच होता मेला," व्हर्ना पुटपुटली आणि तिने डोळे पुसले. "ती काय उगाच म्हणायची?"

"तिळभर हलला," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"तिळभर? चांगला वीतभर हलला," डुएन उसळला. "नॉर्ब, तुझ्या हातांना तेव्हाही लोणी लागलेलं होतं आणि आताही आहे. मागच्या महिन्यात माझ्या पायावर पाना पाडलास."

"तुझा पाय मध्ये आला, त्याला मी काय करू?" नॉर्ब म्हणाला, आणि मग जो गलका उठला त्यात लव्हर्नचा झारा कुणाला ऐकू जाईना.

मतदान पुन्हा घ्यावं लागलं. 'नव्हता'वाले जिंकले, नेहमीसारखे थोडक्यात. नॉर्बने सगळ्यांना यथेच्छ शिव्या घातल्या, मासे पोटभर खाल्ले आणि टोपी कानावर ओढून बाहेर पडला.

गाडीच्या काचेवर बर्फ धरला होता. त्याने आपल्या बाजूचा खरवडला, मग वळसा घालून पलीकडच्या बाजूचाही, कडेपर्यंत, तिला बाहेरचं नीट दिसावं असा.

"एकदा तरी हो म्हणायचंस," तो आत बसत म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.