सुगीचा पाव

सुगीच्या सणाला नव्या गव्हाचा पाव जिल्हाप्रमुखांच्या हाती द्यायचा मान यंदा लेओकादियाचा होता. गावची पाणचक्की बंद, म्हणून शेतातला गहू चाळीस किलोमीटरवर दळून आणून तिने पाव भाजला. पण जिल्हा कचेरीतली पोरगी म्हणाली, "आजी, घरच्या पावाला आरोग्य खात्याचा दाखला कुठाय?" आणि तिने दुकानातला पाव नक्षीच्या रुमालात घालून लेओकादियाच्या हातात कोंबला.

जिल्हाप्रमुख मंचावरून अर्धा तास बोलले. इथली माती, पूर्वजांचा वारसा, तीनशे वर्षांची पाणचक्की! ती चक्की याच माणसाने हॉटेलवाल्याला विकली होती. लेओकादियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटी रिवाजाप्रमाणे ते पावाचा मुका घ्यायला वाकले. तिने रुमाल बाजूला केला. पावावरची दुकानाची प्लास्टिकची पिशवी तिने मुद्दामच काढली नव्हती.

"बाई, पिशवी काढा की!" ते दातओठ खात पुटपुटले.

"काढते. आधी यावरचं लेबल वाचा, माइकवर."

त्यांनी माइक बाजूला सारला. मग तिनेच माइक ओढला. "परदेशात भाजलेला. गोठवून आणलेला," तिने मोठ्याने वाचलं आणि पाव त्यांच्या तोंडापुढे धरला. "हं, हा तुमचा वारसा. आता घ्या मुका!"