रडायचं न्हाई, याडी

दिपकनं फोनवर तीनदा बजावलं होतं. "याडी, ये, पण गेटावर रडायचं न्हाई. इथं सारी पोरं बघतेत. शिकवणारे उस्ताद माझी टर उडवतील."

"बरं," म्हणाली त्याची आई, अनुसयाबाई. बरं म्हणायला काय जातंय! फोन ठेवला आणि तिला घामच फुटला.

शिरड शहापूरजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्याची रीतच अशी, की माणूस खूप दिवसांनी भेटलं की बाईनं त्याच्या गळ्यात पडायचं आणि सुरात, मोठ्यानं रडायचं. रडता रडता मधल्या काळातलं सारं सांगायचं. कोण गेलं, कोणाचं लगीन जमलं, विहिरीला पाणी किती हाय. ते झालं की डोळे पुसून चहा. त्याशिवाय भेट झाली असं कोणी धरतच नाही. आणि अनुसयाबाई तर या कामात अख्ख्या तांड्यात पटाईत. लेकाच्या भेटीसाठी तिनं तीन महिन्यांचं रडणं ओळीनं लावून ठेवलं होतं: आधी विहिरीवरची मोटार जळाली ते, मग शेजारच्या चतुराबाईच्या निताचं लगीन, शेवटी काळी शेळी.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. मागच्या महिन्यात एका दुपारी दिपकचा फोन आला. नुसतं "याडी" म्हणाला आणि गप्प बसला. मग म्हणाला, "काही न्हाई, सहज केला." आता सहज फोन करणारं पोरगं होय ते? तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. लेकरू तिथं रमलंय, का मन मारून राहिलंय? एवढंच तिला बघायचं होतं. आणि गळ्यात पडल्याबिगर कोणी खरं सांगत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"तोंडात पदर कोंब, पण आवाज काढू नको," औंढ्याहून निघालेल्या जीपमध्ये तिचा नवरा रामसिंग म्हणाला. "पोराच्या नोकरीचा सवाल हाय."

"तुमी गप बसा. मला कळतंय."

हिंगोलीच्या बाहेर जवानांची छावणी, दिपक तिथं ट्रेनिंगला. गेटावर नाव लिहिलं, लिंबाखालच्या बाकावर बसले. भेटीला एक तास. दिपक आला तो डोकं भादरलेला, उन्हानं काळा पडलेला, पाठ ताठ. अनुसयाबाईचे हात आपसूक वर गेले. पोरगं झटकन वाकलं आणि पाया पडलं. वर गेलेले हात तिनं कसेबसे पदरात गुंडाळले.

"बरा हायस का?"

"ठीक आहे."

"जेवण?"

"ठीक आहे."

ठीक आहे, म्हणे! घरी कधी असं बोललं नव्हतं पोरगं. रामसिंगनं सोयाबीनचा भाव सांगितला. तोही एका वाक्यात संपला. मग धपाट्यांचा डबा उघडला. तिघं खात बसले. अर्धा तास असाच वाया गेला. अनुसयाबाईला वाटलं, याच्यापेक्षा तो मेला फोन बरा होता.

"काळ्या शेळीचं काय झालं?" दिपकनं विचारलं.

"व्याली."

"मग?"

"मग काय? व्याली."

दिपकनं घास खाली ठेवला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. उस्ताद विश्वंभर शिंदे गेटाशी उभे होते. "याडी," तो हळूच म्हणाला, "भेटल्यासारखंच वाटून न्हाई राहिलं मला. रड की."

"तूच तर न्हाई म्हणला!"

"म्हणलो होतो. आता रड म्हणून राहिलो."

अनुसयाबाईला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. लेकाच्या गळ्यात पडून तिनं जो सूर लावला, तो थेट रस्त्यापर्यंत गेला. लिंबावरचे कावळे उडाले. बाकीच्या पोरांचे आईबाप उठून उभे राहिले. मोटार जळाली, निता सासरी गेली, सारं ओळीनं आलं. उस्ताद टोपी सावरत धावत आले.

"काय झालं? कोण गेलं?"

रामसिंग हात जोडून उठला. "कोणी न्हाई साहेब. शेळी व्याली."

"शेळी?"

"दोन पिल्लं झाली, साहेब."

 उस्तादांनी दिपककडं पाहिलं. पोराचं तोंड आईच्या खांद्यात होतं आणि ताठ पाठ गदगदत होती. तोही तिच्या कानात काहीतरी सुरात सांगत होता. उस्तादांनी घड्याळ पाहिलं. "चालू द्या. जरा आवाज कमी करता का, माय?"

"कमी आवाजात होत न्हाई, साहेब," अनुसयाबाई रडता रडताच म्हणाली. उस्ताद परत गेटाशी गेले आणि तास संपून गेला तरी पाठमोरेच उभे राहिले.

परतीच्या जीपची वाट बघताना रामसिंगनं विचारलं, "काय सांगत होता गं कानात?"

"पाय सुजतेत म्हणे. त्या फोनच्या दिशी पळून यायला निघाला होता. थैली भरली होती."

रामसिंगचा चेहरा उतरला. "अन् मग?"

"मग काय? उस्तादानं थैली पाहिली, काही बोलला न्हाई. नुसती गरम पाण्याची बादली आणून ठेवली पायापाशी. आता पळून येत न्हाई म्हणला पोरगा. पिल्लं मोठी झाली की रीतसर सुट्टीवर येतो म्हणला."

तिनं पदरानं नाक पुसलं. "उरलेले धपाटे सारे लेकालाच देऊन आले हो मी. त्या उस्तादाला बी एक खायला द्यायला पायजे होतं."