चारशे बारा जागा

अगं, मधी बोलू नको, आधी ऐक. आपली श्रावस्ती, बेंबळीची, धाराशिवात कंप्युटरच्या ऑफिसात लागली ना? तुळजापूरच्या लॉजांचं बुकिंगचं सॉफ्टवेअर करतात तिथं. ते पहिल्यांदा लिहिलं आयुब सरांनी, बारा वर्षांपूर्वी. प्रोग्रामात कुठलं नाव कुठल्या ओळीत आलंय, ते सगळं त्यांच्या एका जाड वहीत. कुणाला काही सापडलं नाही की सर वही उघडणार आन् बोट ठेवणार.

मग पुण्याच्या गिऱ्हाइकाला प्रोग्रामातली सगळी नावं इंग्रजीत पाहिजे झाली. 'खोली'चं 'रूम' करायचं. सर म्हणाले, "चार दिवस लागतील." श्रावस्तीनं प्रोग्राम लिहायच्या नव्या एडिटरात नावावर राइट क्लिक केलं, नवं नाव टाकलं. चारशे बारा जागा बदलल्या, एका सेकंदात! सगळे खुर्च्या सोडून बघायला आले.

सर हळूच म्हणाले, "बेटी, लॉजवर छापून निघती त्या चिठ्ठीकडं एकदा बघ..."

"सर, टूलच्या नजरेतनं काय सुटतंय व्हय!"

सगळे हसले. मालक रणधीर तर म्हणाला, "आयुबभाई, वही आता म्युझियमला द्या!"

महिनाअखेरीला त्यानं सरांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना सरांनी वही श्रावस्तीच्या टेबलावर ठेवली. "राहू दे तुझ्याकडं."

पुढच्याच मंगळवारी बदललेला प्रोग्राम लॉजवर चालू झाला, आन् सकाळीच तुळजापूरहून फोन. सोलापूरची बस आलेली, चाळीस माणसं लॉजच्या पायरीवर उभी, आन् प्रिंटरमधनं निघणाऱ्या चिठ्ठीवर खोलीचा नंबरच नाही! श्रावस्तीनं टेबलावरची वही उघडली. 'खोली'च्या पानावर शेवटची ओळ लाल पेनानं: 'चिठ्ठी. इथं नाव 'खो' आन् 'ली' अशा तुकड्यांनी जोडलंय. शोधून सापडत न्हाय, लक्षात ठेवायचं.'

पाच मिनिटांत दुरुस्त. रणधीर खूश. "ह्याला म्हणतात हुशारी!" तिनं वही ड्रॉवरमधी सारली.

सर आता स्टँडजवळ भावाच्या मोबाइल कव्हरच्या दुकानात बसतात. ही रोज तिथनंच जाते, स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधून. परवा गर्दीत स्कूटी अडकली. सरांनी वळखलंच.

"बेटी, चिठ्ठी बराबर निघती ना?"

"व्हय सर."

"बास मग." आन् कव्हरवरची धूळ पुसायला लागले.

तेवढ्यात वाट मोकळी झाली, मागनं हॉर्न. ही निघून आली. आता रोज मला विचारती, वहीचं मालकाला सांगू का नको म्हणून. तिच्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस गं?