दादासाठी लिहिलेला कागद

मी एक जुना, तीन पायांचा लोखंडी स्टँड आहे. वादकासमोर स्वरलिपीचे कागद धरून उभं राहायचं, एवढंच माझं काम. कारखान्यात माझे पाय जोडणाऱ्याला स्वप्नातही वाटलं नसेल, मित्रांनो, की हा पुढे लबाडीत सामील होईल. पण झालो.

माझा मालक वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचा. एकदा ऐकलेली धून तो विसरत नसे. स्वरलिपीचा मात्र त्याला गंधही नव्हता. नवी धून आली की धाकटी बहीण कागद वाचून ती घरी व्हायोलिनवर ऐकवायची. दुसऱ्या दिवशी हा माझ्यावरचे कागद ऐटीत उलटायचा. एकदा तर त्याच्यासमोर चुकून औषधांची चिठ्ठी होती, तरी सूर चुकला नाही. लोकांनी वाहवा केली. मीही फुशारलो होतो.

"दादा, आठ दिवस बस माझ्याजवळ. शिकवते," बहीण म्हणायची.

"या वयात गिरवत बसू? लोक हसतील गं!"

चिठ्ठीतली ती औषधं बहिणीचीच होती. त्याच आजारात ती गेली, तेव्हा तिच्या उशीखाली एक कागद सापडला. वर लिहिलं होतं, 'दादासाठी'. खाली चढत जाऊन उतरलेले काळे ठिपके.

"माझ्यासाठी धून ठेवून गेली," तो बायकोला सांगायचा आणि त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत बसायचा. कुणाला विचारावं, तर बिंग फुटणार.

तालमीत तो आता पहिल्या खेपेला क्लॅरिनेट पुसत राही, इतरांचं ऐके आणि मग वाजवी. एक दिवस संचालक म्हणाले, "आज आधी तुम्ही एकटे वाजवा."

सगळे थांबले. मी कागद घट्ट धरून होतो, पण त्याचा काय उपयोग? त्याला वाजवता आलं नाही.

"उद्यापासून येऊ नका."

आता लपवायचं काही उरलं नव्हतं. मला आणि तो कागद घेऊन तो मुलांना वाद्य शिकवणाऱ्या बाईंकडे गेला. "एवढी धून वाजवून दाखवता?"

बाईंनी कागद पाहिला. "अहो, ही धून कुठली? हा पहिला धडा. सात सूर, चढते आणि उतरते. मुलं पहिल्याच दिवशी वाजवतात."

तो तिथेच खाली बसला आणि हमसून हमसून रडला. त्यानंतर त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावलं नाही.

मी माळ्यावर आहे. तो कागद अजून माझ्यावरच आहे. मित्रांनो, माझा गंज पुसला नाहीत तरी चालेल. पण घरात कुणी "बस माझ्याजवळ, शिकवते" म्हणालं, तर त्याच दिवशी बसा.