डोंगर न चढलेली काठी

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो, आणि माझी कीर्ती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त फिरलेली आहे.

भर महासागरातल्या पिको बेटावर वाऱ्याच्या थपडा खात वाढलेल्या एका काटक झाडाची मी फांदी. इलीदियोच्या वडिलांनी मला तोडले, हिवाळाभर चुलीवर टांगून वाळवले, माझ्या गाठी तासल्या आणि टोकाला लोखंडी टोपण बसवले. मुलाच्या लग्नात त्यांनी मला त्याच्या हातात दिले आणि म्हणाले, "घे. डोंगर चढायला."

डोंगर म्हणजे आमचा ज्वालामुखी. त्याला दुसरे नाव लागत नाही, कारण दुसरा डोंगर नाही. बेट एवढे लहान आणि तो एवढा मोठा, की बेटावर डोंगर आहे की डोंगराच्या पायाशी चुकून थोडे बेट उरले आहे, हे सांगणे कठीण. दात घासताना तो दिसतो, कपडे वाळत घालताना तो दिसतो, आणि एखाद्याला पुरून परत येतानाही तोच समोर असतो.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात इलीदियो मला घेऊन एकटाच निघाला. गाईंच्या कुरणापर्यंत आम्ही झकास गेलो. तिथे ढग खाली उतरला. इलीदियो दगडी बांधाच्या आडोशाला बसला, बाटलीतली वाइन संपवली, थोडा झोपला आणि संध्याकाळी खाली आला. गावातल्या कॅफेत झेफेरीनोने, म्हणजे कॅफेच्या मालकाने, विचारले, "काय रे, जाऊन आलास वाटतं?" इलीदियोच्या तोंडात पाव होता. त्याने मान हलवली.

बस, एवढेच. माणसाच्या आयुष्यातल्या बऱ्याच मोठ्या गोष्टी तोंडात पाव असताना घडतात.

मग त्या मानेला शेपूट फुटले. वरती जमिनीतून वाफ येते, हात ठेवला तर चटका बसतो, पाठ मात्र गारठलेली असते, असे तो सांगू लागला. हे सारे खरेच आहे. कुणाकडून तरी ऐकलेले होते. दारामागच्या खिळ्याला मला मानाने टांगले गेले. पाहुणे येत, मला हात लावत आणि विचारत, "हीच का ती?" माझे फार कौतुक झाले. एरवी माझा उपयोग कपाटाखाली गेलेली चप्पल काढायला आणि शेजाऱ्याची कोंबडी हाकलायला होई. कौतुक आणि हेळसांड एकाच खिळ्याला टांगता येतात, हे मी तिथे शिकले.

अधूनमधून कुणीतरी म्हणे, "इलीदियो, आम्हालाही ने की एकदा वर!" त्यावर आमच्याकडे एक पक्के उत्तर आहे. डोंगराच्या माथ्यावर ढग बसला की आम्ही म्हणतो, त्याने टोपी घातली. टोपी बघून गवत कापतात, टोपी बघून होड्या लोटतात. टोपीशी कुणी वाद घालत नाही. इलीदियो खिडकीतून बघे आणि उसासा टाकून म्हणे, "आज टोपी आहे." अशी त्याची सारी उमर टोपीखाली सुखात गेली.

आणि मग कॅनडाहून त्याच्या चुलतभावाचा, वाल्देमारचा, फोन आला.

"ऑगस्टमध्ये येतोय रे! एक दिवस डोंगरासाठी काढून ठेव. लहानपणी बाबांबरोबर गेलो होतो मी, पण वाट कुठली आठवायला! तूच न्यायचंस. इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझा भाऊ म्हणजे डोंगराचा जावई."

झाले. कॅफेत बेत शिजायला लागला. पहाटे निघावे की उजाडल्यावर, पाणी किती न्यावे, उतरताना घसरू नये म्हणून बुटांना चिंध्या बांधाव्यात की नाही, यावर अख्खे गाव हमरीतुमरीवर आले. झेफेरीनोने तर टेबलावर सांडलेल्या कॉफीत बोट बुडवून वाट काढून दाखवली. प्रत्येकाचे मत ठाम होते. वर कोण कोण गेले आहे, असे कुणी कुणाला विचारले नाही. डोंगराखाली जन्मलेल्या माणसाला ते विचारणे म्हणजे कोळ्याला पोहता येते का, असे विचारणे.

आदल्या दिवशी देओलिंदा, इलीदियोची बायको, शिदोरी बांधत होती. सॉसेज, उकडलेल्या अळकुड्या, चीज, मक्याचा पाव. इलीदियो नुसताच आत-बाहेर करत होता.

"अरे माणसा, सांगून टाक ना त्याला," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"त्या दिवशीची तुझी पँट मी धुतली होती. ढुंगणाला शेण होतं. ज्वालामुखीच्या तोंडात गाई चरतात का रे?"

इलीदियो खाली बसला. "आणि तू एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"तू सुखात होतास. पण आता दुसऱ्याला घेऊन चाललायस. धुक्यात वाट चुकलात तर मी कॅनडाला काय कळवू? भावाला घेऊन गेला आणि दोघं दरीत सापडले?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर इलीदियोने खिडकी उघडली. टोपी नव्हती. त्याने बेटाच्या पलीकडच्या अंगाला राहणाऱ्या बहिणीला फोन लावला. "तुझ्या बाजूनं बघ गं, थोडीशी तरी असेल."

"कसली टोपी! लख्ख टक्कल आहे. मजा करा!"

झेफेरीनो स्वतः गाडी घेऊन हजर झाला. त्याला म्हणे निरोप द्यायचा होता. चढाच्या सुरुवातीला एक ठाणे आहे. वर जाणाऱ्या प्रत्येकाला तिथे नाव सांगावे लागते. खिडकीमागे ग्रासिंदा नावाची तरुणी होती.

"सेन्योर इलीदियो, आधी कधी वर गेला आहात? गेला असाल तर तुमचे तुम्ही जा. नसाल तर मी सांगेन, वाटाड्या घ्या. वर धुकं आलं तर पुढची खूण दिसत नाही."

इलीदियोने माझी मूठ घट्ट धरली. त्याच्या तळव्याचा घाम माझ्यावरून खाली ओघळला. डाव्या हाताला वाल्देमार होता, नव्या बुटांत, हसऱ्या चेहऱ्याचा, विश्वासाने बघणारा. उजव्या हाताला झेफेरीनो, म्हणजे अख्खे गाव. मान हलवली की सुटका. पण या वेळी त्या मानेमागून भावाला वर जायचे होते.

"पहिल्यांदाच," तो म्हणाला.

"काय? जरा मोठ्यानं बोला."

"पहिल्यांदाच जातोय! कधी गेलेलो नाही!"

 वाल्देमार बाकावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्याचे खांदे हलू लागले. तो रडतो आहे, असे मला वाटले.

"देव तुझं भलं करो, भावा," तो हसता हसता म्हणाला. "मला काल झोप नव्हती. बाबा मला कुरणापर्यंत न्यायचे, बांधावर बसून सिगारेट ओढायचे आणि परत आणायचे. वाटेत म्हणायचे, आईला सांग वर गेलो होतो."

दोघांनी एकदमच झेफेरीनोकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघता?" तो म्हणाला. "माझा कॅफे आहे. मी गेलो तर तुम्हाला कॉफी कोण देणार?"

"यात लाजायचं काय आहे," ग्रासिंदा म्हणाली. "आमचे आजोबापण कधी गेले नाहीत. ते म्हणायचे, वर गेलं की डोंगर दिसत नाही. चला, आज वाटाड्याचं काम मीच करते."

मित्रांनो, मग आम्ही चढलो. काळ्या, ओबडधोबड दगडांवर माझे टोपण खणखणत होते आणि मलाही भीती वाटत होती. एका ठिकाणी थांबून इलीदियोने मागे पाहिले. खाली गाव, द्राक्षमळ्यांचे काळे बांध, समुद्र.

"खरी वाट इथून पुढे आहे," ग्रासिंदा म्हणाली. "जमेल? की परतायचं?"

"परतायचं," दोघे भाऊ एका सुरात म्हणाले.

ते तिथेच बसले आणि अळकुड्यांवर तुटून पडले. इतक्या आनंदात माघार घेतलेली माणसे मी पाहिली नव्हती. खरे बोलून झाल्यावर शिखराची फारशी गरज उरत नाही, असे दिसते.

उतार मात्र वाईट होता. इलीदियोचे पाय थकले. पाय घसरला तेव्हा त्याने मला दगडात रोवले आणि आपला सगळा भार माझ्यावर टाकला. मी वाकले, करकरले, पण मोडले नाही. खाली येईपर्यंत त्याने भार काढून घेतला नाही. इतकी वर्षे माझ्यावर लोकांची नजर पडली, हात पडले, धूळ पडली. वजन त्या दिवशी पहिल्यांदा पडले, आणि मला फार हलके वाटले.

म्हणून एक विनंती करते. तुमच्या घरी एखादी काठी असेल तर तिला पावसात टाकू नका, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. पण तिला खिळ्याला टांगून तिची कीर्ती सांगत बसू नका. पाय थकले की निःसंकोच टेका. आम्हाला तेवढेच येते.