पुढची गाडी

शिरोली एमआयडीसीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये संघप्रियाने बनवलेली ती पेटी दिसायला अगदी साधी होती. पुढच्या ट्रकने ब्रेक दाबला, की मागच्या ट्रकमधल्या पेटीवर तांबडा दिवा लागायचा. ब्रेक जितका जोराचा, तितका दिवा प्रखर. तिचे वडील भाऊसो दोन वर्षांपूर्वी धुक्यात एका उभ्या ट्रकवर आदळले होते, आणि तेव्हापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. २००६ च्या डिसेंबरात केवळ लेकीच्या शब्दाखातर ते पुन्हा गाडीवर बसले. बेळगावहून भंगार लोखंड भरून दोन ट्रक पहाटे निघाले. पुढच्या ट्रकवर ड्रायव्हर ज्ञानू, मागच्यावर भाऊसो आणि त्यांच्याशेजारी संघप्रिया.

संकेश्वरजवळ धुकं उतरलं. ज्ञानूच्या गाडीचे मागचे दिवे आधी फिके झाले, मग दिसेनासे झाले. भाऊसो काचेपुढे वाकून डोळे ताणून बाहेर बघू लागले.

"आबा, बाहेर बघत बसू नका. ह्या दिव्यावर भरवसा ठेवा," ती म्हणाली.

तवंदी घाट उतरताना दिवा प्रत्येक वळणाआधी मंद लागे आणि वळण सरलं की विझे. हळूहळू भाऊसोंचा श्वास संथ झाला.

"लई जपून चालवतोय आज ज्ञानू," ते म्हणाले. "असा ब्रेक त्यानं कधी दाबला न्हाय."

संघप्रियालाही ते जाणवलं होतं.

शेवटच्या उतारावर दिवा एकदम प्रखर झाला आणि तसाच राहिला. भाऊसोंनी ट्रक जागच्या जागी उभा केला. समोरून बायकांचं बोलणं ऐकू आलं. धुकं जरा विरळ झालं, तेव्हा हाकेच्या अंतराच्याही अलीकडे उसाची ट्रॉली रस्ताभर आडवी पडलेली दिसली, आणि सांडलेल्या उसाला टेकून बसलेले तोडणी मजूर. त्यांतली एक बाई बाळाला पाजत होती. त्यांच्या आणि ट्रकच्या मध्ये नुसता ओला डांबरी रस्ता होता.

संघप्रियाने ज्ञानूला मोबाइल लावला.

"मी अजून संकेश्वरातच हाय की, ताई," तो म्हणाला. "टायर बसला. धुक्यात तुमी म्होरं निघून गेलासा. गाडी कवाच बंद केलीया."

दिवा अजून लागलेलाच होता. त्यातली एकेक तार तिने स्वतः जोडली होती, पण आता त्या पेटीला हात लावायचा तिला धीर झाला नाही. भाऊसोंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. दोघंही देवळात बसावं तशी बसून राहिली.

ऊन वर आलं. माणसांनी ट्रॉली कडेला ओढली, ऊस बाजूला केला. मग दिवा सावकाश विझला.

"निघाला," भाऊसो हलकेच म्हणाले.

निपाणीपर्यंतचा रस्ता लख्ख मोकळा दिसत होता. भाऊसोंनी गिअर टाकला, पण पुढची गाडी थोडी लांब जाईपर्यंत ते थांबले.