फाटकावरचे ठिपक्यांचे आकडे

आम्ही ठिपक्यांची अक्षरं बोलतोय. लफ्फेदार वेलांटी, डौलदार उकार असलं काही आमच्याकडे शोधू नका. पाच घरं आडवी, सात घरं उभी, एवढ्यात जे बसेल ते आमचं रूप. दिसायला ठोकळ्यासारखी असू, पण स्वभावाने सरळ आहोत.

आमचा जन्म भिलाईचा, १९८४ सालचा. पोलादाच्या मोठ्या कारखान्याच्या आधाराने तिथे बरेच लहान कारखाने उभे राहिले होते. त्यांतल्या एकात साधनाबाई नकाशे ट्रेस करायच्या. मालकांच्या मनात आलं, फाटकावर दिव्यांची पाटी हवी: वर ‘दुर्घटना-रहित दिन’ आणि खाली दिवसांचा आकडा. इलेक्ट्रिशियन जानरावांनी झिरोचे लाल बल्ब आणले, पण कुठले बल्ब पेटवले की कुठलं अक्षर, कुठला आकडा दिसेल, हे काही त्यांना उमगेना. मग साधनाबाईंनी ग्राफपेपर पुढे ओढला आणि पेन्सिलीने एकेक चौकोन भरायला घेतला.

एक आणि दोन झटक्यात झाले. पाचाने मात्र बाईंना रडवलं. कधी त्याचं पोट सुटायचं, कधी पाय आखूड पडायचा. सहा तर इतक्यांदा खोडला की कागदाला भोक पडलं.

“ताई, चहा थंडा होऊन राहिला,” जानराव म्हणाले.

“होऊ द्या भाऊ. पयले हा पाच सिधा उभा होऊ द्या.”

आई असावी तर अशी.

पाटी लागली आणि आमचे दिवस पालटले. कोहक्याच्या वस्तीकडून सायकलींवर येणारी माणसं आधी आमच्याकडे बघायची, मग सायकल लावायची. एप्रिलमध्ये जानरावांनी आम्हाला वस्तीच्या कमानीवर नेलं आणि बल्बांमध्ये ‘जय भीम’ लिहिलं. साधनाबाईंच्या शेजारणीने ग्राफपेपर मागून नेला आणि मॅटीच्या कापडावर टाक्यांनी ‘सुस्वागतम्’ भरलं. आम्ही जरा फुगलोच होतो, खोटं कशाला सांगा!

मग एका वर्षी मालकांनी जाहीर केलं, तीनशे दिवस अपघात झाला नाही तर प्रत्येक कामगाराला प्रेशर कुकर. तेव्हापासून आमच्याकडे बघण्याची नजरच बदलली. आमचा आकडा वाढला की माणसं खुशीत आत जायची. कुठल्या कुठल्या घरात तर ओट्यावर कुकरची जागाही करून ठेवली होती म्हणे.

दोनशे सत्त्याऐंशीव्या दिवशी दुपारी कवडूची दोन बोटं प्रेसखाली गेली. त्याचा जोडीदार चंपत याने त्याचा हात गमछ्यात गुंडाळला आणि त्याला मागच्या दाराने बाहेर काढलं. दवाखान्यात सांगितलं, घरी लाकडं फोडताना लागलं. चंपत काही वाईट माणूस नव्हता. तीनशेला तेरा दिवस उरले होते, एवढंच. बिचाऱ्या कवडूनेही वेदनेच्या भरात मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानरावांनी नेहमीसारखे खटके दाबले आणि आम्ही २८८ होऊन झळकलो. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्हाला होतं, कारण फाटकाच्या उंचीवरून मागचं दारही दिसतं. फार लाज वाटली. पण करणार काय? ज्याच्या हाती खटका, त्याचंच आम्ही बोलणार.

अपघाताला पाच दिवस झाले तेव्हा कवडूची बायको कमला फाटकाशी आली. कवडू न सांगता गैरहजर आहे, शनिवारी त्याचं नाव कटेल, असं हजेरीबाबूने तिला सुनावलं होतं. तिने आमच्याकडे बोट दाखवलं.

“जानरावभाऊ, मले वाचता नाही येत, पण आकडा समजते. याहिची बोटं इथंच गेली ना? मंग हा आकडा कावून वाढून राहिला?”

जानरावांनी चंपतला बोलावून विचारलं. चंपत तीनशेला उरलेले दिवस मोजून दाखवू लागला, तेव्हा जानराव काय ते समजले आणि तडक साधनाबाईंकडे गेले.

“ताई, साठ घरचे कुकर हायेत. काय करू मी?”

“भाऊ, लोकायले फसवाले नाही काढले मी हे आकडे,” बाई म्हणाल्या. “कुकर पुढच्या सालीबी भेटन. कवडूची नोकरी गेली तं वापस भेटन का?”

जानराव शिडी लावून वर चढले. एकेक बल्ब विझत गेला आणि दोनशे ब्याण्णवच्या जागी एक लहानसा गोल उरला. शून्य काढायला साधनाबाईंना दोन मिनिटंही लागली नव्हती.

पाळी सुटली तशी माणसं फाटकाशी थबकली. कुणी शिवी हासडली. कुणी ओरडलं, “जानराव, आता घरवालीले काय सांगू?”

तेव्हा चंपत पुढे आला. “सांग, कवडूची बोटं गेली अन् चंपतनं लपवली.” मग तसाच ऑफिसात जाऊन त्याने ते लिहून दिलं. कवडूचं नाव कटलं नाही. बरा झाल्यावर त्याला स्टोअरमध्ये हलकं काम मिळालं. जानरावांकडून मात्र पाटीचं काम काढून घेतलं, आणि कुकर हुकले म्हणून साधनाबाईंशी वस्तीतल्या काही बाया वर्षभर बोलल्या नाहीत.

आता १९९६ साल चालू आहे. फाटकावर तयार इलेक्ट्रॉनिक पाटी आली आहे. तिचा आकडा आपोआप वाढतो, शिडी लागत नाही. आम्ही साधनाबाईंच्या कपाटात, साड्यांखाली, पिवळ्या पडलेल्या ग्राफपेपरवर पडून असतो. आम्हाला पुन्हा वर चढवा, असं आमचं मागणं नाही. एवढंच करा, कुठल्या फाटकावर असा मोठा आकडा झळकताना दिसला, तर टाळ्या वाजवण्याआधी आत जा आणि माणसांची बोटं मोजून या.